वजा

एप्रिलचा शेवटचा आठवडा. जालन्यात साडेनऊलाच
जिन्याच्या कठड्याला हात लावता येत नाही.
बियाणे कंपनीची चार मजली कचेरी,
तिची बारा महिन्यांची वीजबिलं माझ्या मांडीवर,
आणि मला ठरवायचंय
तिच्यासारख्या कचेऱ्यांत ती कितवी.

युनिट भागिले चौरस मीटर.
एवढंच असतं खरं तर.
पण भागाकाराआधी वजाबाकी येते:
गच्चीवरचा मोबाइल टॉवर वजा,
रस्त्याकडचं एटीएम वजा,
गाड्या लावायची जागा वजा,
आणि तळघरातली शीतखोली,
जिथं पुढच्या हंगामातल्या कपाशीचे नर आणि मादी
वेगवेगळ्या पोत्यांत
चार अंशांवर झोपलेत.

ती कचेरी नव्हे. नियम म्हणतो, वगळा.
आणि त्याच ओळीत, स्वल्पविरामानंतर:
आधी तिला स्वतंत्र मीटर लावा.

न मोजता वगळता येत नाही.

इलियासमामूंनी केबलला चिमटा लावला.
आकडा थरथरला, मग ठरला.
"मॅडम, अर्ध्या इमारतीची वीज ही एकटीच खाऊ लागली."
दार उघडून भांडारपाल मुंजाजी ढवळे बाहेर आले,
गळ्यात मफलर, चष्म्यावर धुकं.
या गावात एप्रिलमधलं धुकं
फक्त त्यांच्याच चष्म्यावर येतं.

"आमाला कामून काढू लागलाव?"
काढत नाही काका, वेगळं मांडतोय.
"आमच्या घरीबी असंच म्हणले होते,"
म्हणाले, आणि काच पुसत राहिले.

मला आमचं सबमीटर आठवलं.
जुन्या जालन्यात, कुंडलिकेच्या अलीकडे,
घरमालकीणबाईंच्या पडवीत, तुळईखाली.
एक तारखेला बाई बॅटरी घेऊन यायच्या
आणि आकडा मोठ्यानं वाचायच्या.
दादाच्या परीक्षेच्या रात्री,
आईनं लोकांच्या साड्यांना केलेली इस्त्री,
सगळं त्यांना कळायचं दशांशासकट.
त्यांच्या सुनेच्या खोलीत किती दिवे जळतात
हे कधी कुणी मोजलं नाही.
ज्या महिन्यात आप्पा घाटीत भरती होते
त्या महिन्यात चारच युनिट पडले.
बाई आकड्याकडे बघत उभ्या राहिल्या.
वाचला नाही.
संध्याकाळी झाकलेल्या पातेल्यात पिठलं आलं.

मीटर बसलं. लाल ठिपका लुकलुकू लागला.
वर्षभरानं हिशेब पुन्हा मांडला:
आधी खालून तिसरी असलेली कचेरी
आता वरून अकरावी.
एक पंखा बंद झाला नव्हता,
एसीचा एक आकडा कुणी वर नेला नव्हता.
साहेबांनी पेढे मागवले.
मी एक उचलला. खोटं का बोलू, चांगला होता.

वगळलेलं मी शेवटच्या पानावर लिहिते,
बारीक टायपात: एकसष्ट हजार चारशे तीस.
त्या पानापर्यंत सहसा कुणी येत नाही.

परवा, रविवारी, फोन.
"मॅडम, ढवळे. शीतखोलीतून."
रोज सकाळी ते आकडा लिहितात म्हणे,
पोत्यांच्या नोंदवहीत, समासात.
कुणी सांगितलं नव्हतं.
"तीन रात्री झाल्या, तीस-तीस युनिट जास्ती पडू लागलेत.
सगळीकडं हात फिरवून बघितला.
दाराचं रबर फाटलंय, खालच्या कोपऱ्यात.
वरच्या मजल्यावर कुणालाच पत्ता नाही,
त्यांच्या हिशेबात आमी नाहीतच ना."

मग आता?

"सोमवारी मिस्त्री येईल.
तवर मफलर कोंबलाय."